सरकारचा वार कोणता?

पुणें शहरांतील पेठांस वारांचीं नांवें आहेत, ही गोष्ट बाहेरगांवाहून प्रथमच आलेल्या मुलास मोठी गमतीची वाटते. सोमवार, रविवार, बुधवार अशा पेठा मागें टाकीत तो आमच्या शनिवार पेठेंत येतो, शनिवारवाड्याच्या तटापासून ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या बोळांतून दोन दिवस हिंडतो, आणि एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर अथवा नव्या इमारतीच्या खोलींत तिघाचौघांबरोबर एक खाट भाड्यानें घेऊन राहूं लागतो. या राहण्यास हल्लीं 'कॉट बेसिस' असें म्हणतात. खाटेखालीं पेटी, खाटेवर पुस्तकें, आणि कोपऱ्यावर खानावळ, एवढ्या सामुग्रीवर त्याचें महाविद्यालयीन आयुष्य सुरू होतें.

परंतु वार या शब्दाचा पुण्यांत आणखीही एक अर्थ होता, आणि प्रस्तुत विषयास तोच अधिक उपयोगी आहे. पूर्वींचा गरीब विद्यार्थी 'वार लावून' जेवत असे. सोमवारीं एका गृहस्थाच्या घरीं, मंगळवारीं दुसऱ्याच्या, याप्रमाणें सात घरें ठरलीं म्हणजे त्याचा आठवडा ठरला. ज्यास सातही घरें मिळत नसत, तो उरलेल्या दिवशीं माधुकरी मागे, आणि तीही न मिळाली तर पाणी पिऊन अभ्यासास बसे. १९०९ सालीं निघालेलें अनाथ विद्यार्थी गृह, ज्यास आज पुणें विद्यार्थी गृह म्हणतात, त्याचाही आरंभ माधुकरीच्या अन्नावरच झाला. महाराष्ट्रांत नांवारूपास आलेल्या कित्येक थोर पुरुषांच्या चरित्रांत हे वाराचे दिवस वाचावयास मिळतात.

या चालीचे आम्ही गोडवे गाणार नाहीं. ती बहुतेक ब्राह्मणांच्या मुलांपुरती होती. इतर जातींच्या मुलास त्या ओट्यावर पान मिळणें तर दूरच, पण पाणीही सुखासुखीं मिळत नसे. शिवाय ज्यास पान मिळे त्यास उपकाराचें ओझेंही वाहावें लागे. परंतु इतके दोष असूनही त्या चालींत एक गुण होता. बुधवारीं आपलें पान कोणाच्या घरीं मांडलेलें असेल हें त्या मुलास सोमवारींच ठाऊक असे. गृहस्थानें वार कबूल केला म्हणजे बुधवारचें जेवण पुढच्या चैत्रांत घालीन असें तो म्हणत नसे.

आमचें या लेखांतील म्हणणें एवढेंच आहे. वार देणाऱ्या गृहस्थाची उदारता सरकारनें उचलली, तिला हक्काचें स्वरूप दिलें, जातीचें जुनें कुंपण मोडून जे दाराबाहेर उभे होते त्यांस प्रथम आंत घेतलें, हें सर्व उत्तम झालें. मात्र त्या गृहस्थाचा वक्तशीरपणा तेवढा सरकारनें उचलला नाहीं.

विद्येसाठीं राज्यानें द्रव्य खर्चावें ही कल्पना पुण्यास नवी नाहीं. पेशवाईंत श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात असे. मूळची दाभाड्यांची ही वहिवाट १७३१ च्या डभईच्या लढाईनंतर पहिल्या बाजीरावानें पुण्यास चालू ठेवली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं ती एकदम बंद केली नाहीं. त्यांनीं रक्कम वर्षास पन्नास हजारांवर आणली, आणि तिच्यांतील कांहीं भागावर १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा काढली. पुढें १८४९ सालीं लोकहितवादी आदिकरून सुधारक मंडळींनीं असा अर्ज केला कीं, हा पैसा जातीकडे पाहून न देतां मराठी ग्रंथरचनेसारख्या उपयुक्त कामाकडे लावावा. शहरांत त्यावरून मोठी खळबळ झाली. पण अखेरीस दक्षिणेचा प्रवाह वळलाच. त्याच निधींतून पुढें महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊं लागले, आणि तरुणपणीं त्या वेतनावर राहिलेल्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे दोघेही होते. जन्माकडे पाहून दिलें जाणारें दान अभ्यासाकडे पाहून दिलें जाणारें वेतन कसें झालें, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण आहे.

तथापि अभ्यासाकडे पाहून दिलेलें वेतनही सर्वांस सारखें पोहोंचत नाहीं, हें ज्यांनीं प्रथम स्पष्टपणें सांगितलें ते जोतीराव फुले. त्यांचें स्वतःचें इंग्रजी शिक्षण याच शहरांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं शिष्यवृत्त्यांचा प्रश्न मुद्दाम काढला. केवळ परीक्षेच्या चढाओढीनें शिष्यवृत्त्या दिल्या तर दिसावयास न्याय दिसतो खरा, परंतु ज्या वर्गांत शिक्षणाची गोडी आधींच लागली आहे त्यांच्याच पदरीं त्या पडतात. म्हणून त्यांतील कांहीं तरी, ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रवेशच झाला नाहीं, त्यांच्याकरितां ठेवाव्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आजच्या सर्व सरकारी शिष्यवृत्त्यांचें बीज या म्हणण्यांत आहे असें आम्हांस वाटतें.

हें बीज प्रथम रुजलें तें संस्थानांत. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह काढविलें, आणि पुढें निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहांची ओळच उभी राहिली. शाळा काढून भागत नाहीं, शाळेजवळ मुलाच्या जेवणाची व निजण्याची सोय व्हावी लागते, हें त्या राजानें ओळखलें होतें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यास बी. ए. साठीं दरमहा पंचवीस रुपये दिले, आणि १९१३ सालीं त्यांस अमेरिकेस पाठवितांना दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षें देण्याचें ठरविलें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास व १९३२ सालीं पुण्यास युनियन बोर्डिंगाच्या रूपानें सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस बसविलीं. नंतर स्वतः आंबेडकर मध्यवर्ती सरकारांत मंत्री असतांना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठीं सरकारी रक्कम मंजूर करवून घेण्यांत पुढें होते. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची भारत सरकारची शिष्यवृत्ति १९४४ सालापासून चालू आहे. शिष्यवृत्तीवर जो शिकला त्यानेंच हजारोंस ती मिळवून दिली. यापेक्षां अधिक व्याज कोणत्या ठेवीस मिळालें असेल?

या साऱ्या उदाहरणांत एक शब्द पुनः पुनः येतो, तो म्हणजे 'दरमहा'. शनिवार पेठेंतील गद्रे वाड्यांत २ जानेवारी १८८५ रोजीं जें फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें, त्याचे पुढें नामांकित अध्यापक झालेले गोपाळ कृष्ण गोखले, यांचें शिक्षण वडील बंधूंच्या पैशावर झालें. बंधूंचा पगार पंधरा रुपये. त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावास दरमहा पाठवीत. हे आठ रुपये वर्षअखेर एकदम शहाण्णव म्हणून पाठविले असते, तर हिशेबांत एका पैचाही फरक पडला नसता. पण मधल्या अकरा महिन्यांत गोखले काय खाते, हा प्रश्न हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं.

आतां आजची स्थिति पाहूं. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. अनुसूचित जाति व नवबौद्ध वर्गांतील ज्या मुलांस सरकारी वसतिगृहांत जागा मिळत नाहीं, त्यांनीं बाहेर राहून शिकावें व त्याचा खर्च सरकारनें द्यावा, हा तिचा हेतु आहे. त्या निर्णयानें पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठीं वर्षाचे साठ हजार रुपये ठरले: भोजनाचे बत्तीस हजार, निवासाचे वीस हजार व इतर निर्वाहाचे आठ हजार. अशीच सोय आदिवासी विद्यार्थ्यांसाठीं पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेनें झाली, आणि इतर मागास वर्ग व भटक्या जमातींच्या मुलांसाठीं सावित्रीबाई फुले यांच्या नांवाची आधार योजना २०२३ सालीं आली. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुलांसाठीं पंजाबराव देशमुखांच्या नांवानें वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४ सालीं आर्थिक दृष्ट्या दुर्बळ घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारनें पूर्ण माफ केली. अर्ज संगणकावरून करावयाचा व पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँकेंतील खात्यांत जावयाचे, अशी महाडीबीटी नांवाची व्यवस्था झाल्यानें मधल्या हातांस पूर्वींइतका वाव राहिला नाहीं. सरकार कांहींच करीत नाहीं असें म्हणणारा मनुष्य एक तर वाचीत नाहीं, किंवा खरें बोलत नाहीं.

पण साठ हजारांचा आंकडा दहा महिन्यांत वांटला म्हणजे जेवणास महिना तीन हजार दोनशें व खाटेस दोन हजार येतात. आमच्या पेठेंत खाटेची चौकशी ज्यानें केली असेल, त्यास या दोन हजारांवर भाष्य नको. केंद्राच्या शिष्यवृत्तीचे जे दर २०२१ सालीं ठरले, त्यांत वसतिगृहांत राहून बी. ए. करणाऱ्यास वर्षाचे सहा हजार, म्हणजे दहा महिन्यांच्या हिशेबानें महिना सहाशें रुपये येतात. फीची माफी याखेरीज आहे हें खरें. तथापि सहाशें रुपयांत महिना काढून दाखवावा असें आव्हान आम्ही कोणासही देणार नाहीं, कारण तें क्रूरपणाचें होईल.

तरीही रक्कम थोडी आहे हें आमचें मुख्य गाऱ्हाणें नाहीं. थोड्यांत भागविण्याची आमच्या मुलांस संवय आहे. गाऱ्हाणें आहे तें दिवसाचें. आमच्या ओळखीचा एक विद्यार्थी आहे. घर बालाघाटाच्या डोंगराकडे. आईबाप दर सालीं दसऱ्यानंतर ऊस तोडण्यास जाणारे. गेल्या खेपेस अर्ज मंजूर झाल्याचा निरोप त्याच्या हातांतील फोनवर आला, तेव्हां त्यानें आम्हांस पेढे दिले. मग दिवाळी गेली, संक्रांत गेली. पैसे आले नाहींत. खानावळीच्या बाईंनीं वहींत मांडून ठेवलें, आणि त्यांच्या भलेपणाची कमाल म्हणजे चार महिने मांडून ठेवलें. पांचव्या महिन्यांत तो मुलगा आपण होऊनच एक वेळ जेवूं लागला. कारण त्या माउलीस तोंड दाखविण्याची त्यास लाज वाटूं लागली. नंतर अप्पा बळवंत चौकांत जाऊन त्यानें पहिल्या सत्राचीं पुस्तकें अर्ध्या किंमतीस विकलीं. शेवटीं बापानें मुकादमाकडे पुढल्या हंगामाची उचल मागितली, व ती मिळाली.

परीक्षा आटोपल्यावर सरकारचे पैसे आले. एक रुपयाही कमी आला नाहीं. परंतु त्यांतून खानावळीचें देणें फिटलें, खोलीचें थकलेलें भाडें फिटलें, आणि बापाच्या अंगावरील उचल मात्र तशीच राहिली. सरकारी दप्तरांत या मुलास पूर्ण साहाय्य मिळालें आहे. प्रत्यक्षांत त्यास ज्यानें वेळेवर साहाय्य केलें तो मुकादम होय, आणि त्याच्या बदल्यांत एका कुटुंबाचे पुढल्या हंगामाचे हात मुकादमाकडे गहाण पडले आहेत. मुकादम आधीं देतो, म्हणून माणूस त्याचा होतो. सरकार मागाहून देतें, म्हणून सरकारचा पैसा सावकाराच्या घरीं जाऊन पडतो. मुलाची सुटका व्हावी म्हणून जी योजना काढली, तिच्याच उशिरानें बाप अधिक बांधला जावा, हें पाहून कोणाही सहृदय मनुष्यास वाईट वाटल्यावांचून राहणार नाहीं.

येथें फी व निर्वाह यांतील भेद ध्यानीं घेतला पाहिजे. फी ही महाविद्यालय व सरकार यांच्यामधील गोष्ट आहे. ती दोन महिने उशिरा पोहोंचली तरी महाविद्यालयाची इमारत पडत नाहीं. निर्वाहाचें तसें नाहीं. खानावळीच्या बाई थांबल्या तरी वाणी थांबत नाहीं, आणि वाणी थांबला तरी भूक थांबत नाहीं. जो विद्यार्थी स्वतःच्या घरीं राहून शिकतो, त्याची शिष्यवृत्ति लांबली तर त्याची अडचण होते. पण जो घर सोडून परक्या पेठेंत खाटेवर राहतो, त्याची लांबली तर त्याचें शिक्षणच सुटतें. म्हणून दोन्ही रकमा एकाच संथ गाड्यावर घालणें ही मूळचीच चूक आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, सरकारी पैसा हा लोकांचा पैसा आहे. दाखले तपासल्यावांचून तो कसा द्यावा? हा आक्षेप रास्त आहे, आणि तपासणी नकोच असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या वर्षांतील विद्यार्थ्याचे दाखले एकदां तपासले गेलेले असतात. त्याची जात बदलत नाहीं, गांव बदलत नाहीं. उत्पन्नाचा दाखला व हजेरी एवढेंच पाहावयाचें राहतें. तें होईपर्यंत त्याचें पान वाढणें बंद कां असावें? चुकून कोणास जास्त दिलें गेलें तर तें पुढच्या महिन्यांत वळतें करतां येईल; पण फेब्रुवारींतील उपास जूनमध्यें वळता करतां येत नाहीं. दुसरी अडचण हिश्श्यांची सांगतात. केंद्राच्या शिष्यवृत्तींत साठ वांटे केंद्राचे व चाळीस राज्याचे, आणि राज्यानें आपले दिल्यावर केंद्रानें आपले द्यावयाचे, असा २०२१ चा नियम आहे. नियम हिशेबास सोयीचा असेल. परंतु एका सरकारनें दुसऱ्याची वाट पाहावयाची, आणि दोघांची मिळून विद्यार्थ्यानें पाहावयाची, असा त्याचा परिणाम होतां कामा नये.

ही अडचण इतर देशांसही पडलेली आहे, आणि तिच्यावर उपायही निघालेला आहे. जर्मनींत १९७१ सालच्या शिक्षणसाहाय्याच्या कायद्याप्रमाणें निर्वाहाची रक्कम दरमहा आगाऊ देतात. इतकेंच नव्हे, तर पहिल्या अर्जाचा निकाल लागून दहा आठवड्यांच्या आंत पैसे देतां येत नसतील, तर चौकशी चालू असतांनाच चार महिन्यांपर्यंत तात्पुरती रक्कम देण्याची तरतूद त्यांत आहे. म्हणजे उशीर कचेरीचा असेल तर त्याचा भार कचेरीनें सोसावा, मुलानें नव्हे. आम्हांस हें तत्त्व फार न्यायाचें वाटतें, आणि आमच्या जुन्या वाराच्या चालीशींही तें जुळतें. वार देणारा गृहस्थ आधीं जेवूं घाली. परीक्षेचा निकाल मागाहून विचारी.

आणखी कोणी म्हणेल, दानशूर लोक आहेत, संस्था आहेत, त्यांनीं हा मधला काळ भरून काढावा. त्यांचे उपकार आम्ही विसरलों नाहीं. पुण्यांत अशा संस्था नसत्या तर आणखी किती मुलें परत गेलीं असतीं कोण जाणे. परंतु दान हें देणाऱ्याच्या इच्छेवर चालतें, आणि हक्क हा तारखेवर चालला पाहिजे. सरकारी नोकराचा पगार कोणत्या दिवशीं व्हावा हें ठरलेलें असतें, आणि तो चार दिवस लांबला तर वर्तमानपत्रांत बातमी येते. मग विद्यार्थ्याच्या निर्वाहासच तेवढी तारीख कां नसावी? ऊस तोडणारा बापही काडेपेटी घेतांना, एसटीचें तिकीट काढतांना सरकारची तिजोरी भरीतच असतो. त्याच्या मुलास मिळणारी रक्कम ही भिक्षा नव्हे, कीं ती केव्हांही पडली तरी हात जोडून घ्यावी.

तेव्हां आमचें मागणें फारसें मोठें नाहीं. निर्वाहाचा पैसा फीपासून वेगळा काढावा व तो दर महिन्याच्या ठराविक तारखेस द्यावा. पहिला हप्ता प्रवेशाबरोबर, म्हणजे खोलीची अनामत भरावयाची असते त्याच वेळीं, आगाऊ द्यावा. जुन्या विद्यार्थ्याचा अर्ज नव्यासारखा पहिल्या पायरीपासून चढवूं नये. आणि एकदां ठरविलेला आंकडा वर्षानुवर्षें तसाच ठेवण्याऐवजीं दर जून महिन्यांत बाजारभावाशीं ताडून पाहावा. यांतील एकाही गोष्टीस नवें खातें नको किंवा नवें नांव नको. थोर पुरुषांचीं नांवें योजनांस देऊन झालीं आहेत, आतां त्यांचा दर्जा सांभाळावयाचा आहे.

शेवटीं आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थिबंधूंस व भगिनींस दोन शब्द. तुमच्यापैकीं कित्येक लवकरच महाविद्यालयांत जातील. ज्यांस या साहाय्याची गरज आहे त्यांनीं अर्ज करण्यास लाजूं नये, आणि दाखले आजच गोळा करण्यास लागावें. कारण कचेरीचा उशीर आपल्या हातीं नसला तरी आपला उशीर आपल्या हातीं आहे. ज्यांस गरज नाहीं त्यांनीं, शेजारच्या खाटेवरचा मुलगा एकाच वेळीं कां जेवतो, हें त्यास न दुखवितां ओळखावें. आणि पुढें तुमच्यापैकीं जे अशा कचेऱ्यांत अधिकारी होऊन बसतील, त्यांनीं पुढ्यांतील प्रत्येक कागदामागें एक वाढून ठेवावयाचें पान आहे, एवढें स्मरणांत ठेवावें.

आमच्या पेठेचा वार शनिवार आहे, तो चुकत नाहीं. सरकारनेंही आपला एक वार सांगावा. तो कोणताही चालेल, मात्र तो ठरलेला असावा.